भाड्यासाठी घर घेताय? बयाणा देण्याआधी फरकाचा आकडा काढा

नोकरदाराच्या खात्यात आठ-दहा लाख साठले की सल्ला देणारे वाढतात. "फ्लॅट घेऊन टाका, भाड्यातून हप्ता सुटेल," हे त्यातलं सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य. फ्लॅट घेण्यात वावगं काही नाही, पण भाड्यातून हप्ता सुटत नाही. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या घराचं भाडं मराठवाड्यातल्या शहरांत बहुतेक वेळा निम्मा हप्ताही भरत नाही. उरलेला पैसा दरमहा पगारातून, दुकानाच्या गल्ल्यातून किंवा सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे माल विकून आलेल्या पैशातून, जातो. तो नेमका किती, हा आकडा बयाणा देण्याआधी वहीत लिहिलेला हवा.

आधी भाडेकरू, मग घर

घरं बघत फिरण्याआधी त्यात राहणार कोण हे ठरवा. घराचा आकार, वस्ती, वर्षातले रिकामे महिने आणि दुरुस्तीचा खर्च हे सगळं त्यावर अवलंबून आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज पट्ट्यात, म्हणजे बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर या भागात, भाडेकरू म्हणजे कंपनीतला कामगार. त्याला वन रूम किचन पुरतं. संडास-बाथरूम आत असेल तर तो थोडं जास्त भाडं देतो. कंत्राट संपलं की चार दिवसांत खोली सोडतो, पण शिफ्ट चालू असताना दुसरा लगेच मिळतो. मात्र कंपन्यांत मंदी आली की एकाच गल्लीतल्या सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या पडतात. शेंद्रा आणि बिडकीन या औद्योगिक पट्ट्यांकडे हीच मागणी हळूहळू तयार होते आहे. तिथे आज प्लॉट घेणाऱ्याने भाड्यासाठी काही वर्षं थांबायची तयारी ठेवावी. कारखाना उभा राहणं, तो चालू होणं आणि कामगार तिथेच राहायला येणं या तीन गोष्टी एका वर्षात होत नाहीत.

लातूर आणि नांदेडला भाडेकरू म्हणजे शिकवणीसाठी आलेला विद्यार्थी. नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयामुळे त्यात कॉलेजची मुलंही असतात. नीटची परीक्षा मे महिन्यात झाली की शिकवणीच्या खोल्या रिकाम्या होतात आणि नवी बॅच जून-जुलैत येते. म्हणून इथे वर्ष दहा महिन्यांचं धरायचं. २०२० च्या मार्चनंतर शिकवण्या बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून हॉस्टेल बांधलेल्यांचं भाडं थांबलं, व्याज थांबलं नाही. एकाच धंद्यावर उभी असलेली मागणी जाते तेव्हा सगळी एकदम जाते.

तिसरा भाडेकरू बदलीवाला: बँकेतला, महसूलचा, पोलीस खात्यातला, शिक्षक. त्याला टू बीएचके हवा, मुलांची शाळा जवळ हवी आणि नळाला पाणी हवं. भाडं वेळेवर देतो, तीन-तीन वर्षं राहतो. नवशिक्याने सुरुवात याच भाडेकरूपासून करावी असं आमचं मत आहे. परतावा इथे सगळ्यात कमी, पण डोकेदुखीही कमीच. दुकानाच्या गाळ्यांच्या नादाला पहिल्या खेपेला लागू नका. गाळा भरला तर भाडं चांगलं देतो, पण रिकामा पडला की सहा-आठ महिने सहज जातात.

घराची खरी किंमत

जाहिरातीतली किंमत ही सुरुवात असते. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार धरून साधारण ६ टक्के, ग्रामपंचायत हद्दीत साधारण ५ टक्के. ते करारातली रक्कम आणि सरकारी मूल्यदर तक्त्यातली किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. निवासी घर फक्त महिलांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. आपल्या भागात चटईक्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. बिल्डर तरीही मागत असेल तर दाखल्याची तारीख विचारा.

आता ३० लाखांचा तयार फ्लॅट घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गल्लीतले तुम्ही घाला:

मुद्रांक शुल्क १,८०,०००
नोंदणी ३०,०००
दलाली १ टक्का ३०,०००
वकिलाचा शोध अहवाल (मालकीच्या कागदांची तपासणी) १०,०००
बँकेची प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, गहाणाची नोंद २०,०००
सोसायटी आणि वीज मीटर नावावर करणं १०,०००
रंग, नळ, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, टाकी ८०,०००

एकूण ३,६०,०००. म्हणजे घर पडलं ३३,६०,००० रुपयांना. बँकेने २४ लाख दिले तर खिशातून ९,६०,००० जातात, ६ लाख नव्हे. नवशिक्याची पहिली ठेच इथे लागते. किमतीच्या २० टक्के जमवले, आता झालं असं वाटतं आणि नोंदणीच्या आठवड्यात पाव्हण्यारावळ्यांकडे हात पसरावा लागतो.

व्यवहारातली काही रक्कम 'वरून' रोख द्या असं विकणारा म्हणाला तर लक्षात ठेवा, बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. वरची रक्कम सगळी तुमच्या खिशातून. पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी दिसणार आणि नफा फुगून त्यावर कर बसणार. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

भाडं, हप्ता आणि मधलं भगदाड

या फ्लॅटला भाडं १०,००० धरू. दलाल हिशेब सांगतो: वर्षाचे १,२०,०००, भागिले ३० लाख, ४ टक्के. आता खरा हिशेब.

वर्षातला एक महिना रिकामा, म्हणून भाडं १,१०,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १२,०००, मालमत्ता कर ६,०००, दुरुस्ती १०,०००, नवा भाडेकरू आणणाऱ्याला ५,०००, विमा २,०००. हाती उरले ७५,०००. घर पडलं ३३.६० लाखांना, म्हणजे परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आत. बँकेची साधी मुदत ठेव यापेक्षा बरंच जास्त देते.

हप्त्याकडे वळू. २४ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज: महिन्याला सुमारे २०,८३०, वर्षाला जवळपास २,५०,०००. भाड्यातले ७५,००० वजा केले की राहतात १,७५,०००. महिन्याला १४,५०० ते १४,६००. हाच तो फरकाचा आकडा. दर महिन्याच्या ५ तारखेला, भाडेकरू असो वा नसो, हे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. भाडेकरू नसेल त्या महिन्यात पूर्ण २०,८३० आणि वर मेंटेनन्स.

मग लोक घेतात कशाला? भाव वाढेल या भरवशावर. तोही भरवसा आकड्यात मांडता येतो. पहिल्या वर्षाच्या हप्त्यांपैकी मुद्दलात जातात जेमतेम ४८,०००, बाकी सगळं व्याज. १,७५,००० मधून हे ४८,००० वजा केले तर खरा तोटा १,२७,०००. त्यात तुमचे ९.६० लाख ठेवीत असते तर साडेसहा टक्क्यांनी मिळालं असतं ते ६२,००० मिळवा. झाले १,८९,०००. म्हणजे फ्लॅटचा भाव पहिल्या वर्षी सव्वासहा टक्क्यांच्या आसपास वाढला तर तुम्ही बरोबरीत. फायदा त्याच्या पुढे. पुढच्या वर्षांत भाडं वाढतं, व्याज कमी होतं, हे खरं. पण इमारतही जुनी होते. त्या वस्तीतल्या दहा वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या दोन-चार व्यवहारांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) काढून भाव खरोखर किती वाढले ते बघा. इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. चहाच्या टपरीवर सांगितलेल्या भावापेक्षा हा कागद बरा.

खोल्या बांधून भाड्याने देण्याचा हिशेब वेगळा पडतो. ग्रामपंचायत हद्दीत १,००० चौरस फुटांचा प्लॉट १५ लाखांना, त्यावर मुद्रांक व नोंदणी ९०,०००, तळमजला अधिक एक असं १,४०० चौरस फूट बांधकाम १,७०० रुपये दराने २३,८०,०००, बोअर आणि वीज जोडण्या दीड लाख. एकूण ४१,२०,०००. आठ खोल्या, प्रत्येकी ३,५००, वर्ष दहा महिन्यांचं: २,८०,०००. खर्च ६०,००० गेला की उरले २,२०,०००, म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या वर. फ्लॅटच्या दुप्पट. पण इथे मोटार जळली की तुम्हीच जायचं, रात्री भांडण झालं की फोन तुम्हालाच. जवळ राहणारा, सवड असलेला माणूस असेल तरच खोल्या बांधाव्यात. पुण्यात नोकरी आणि रांजणगाव शेणपुंजीत आठ खोल्या हे गणित बसत नाही. देखभालीला ठेवलेल्या माणसाचा पगार धरला तर परतावा पुन्हा फ्लॅटच्या जवळ येतो.

कर्ज कसं आणि किती

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. १० लाखांवरच्या घराच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणी धरत नाहीत. ९० टक्के मिळतात म्हणून घेऊ नका. भाड्याच्या घराला कर्ज ७० ते ८० टक्क्यांच्या वर नेलं की फरकाचा आकडा पगाराच्या मानगुटीवर बसतो. आमचा ठोकताळा असा: तुमच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत, आणि तेही भाडं शून्य धरून.

व्याज बहुतेक ठिकाणी रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला, जोडलेलं असतं. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. आपल्या उदाहरणात व्याज फक्त एका टक्क्याने वाढून साडेनऊ झालं तर हप्ता २०,८३० वरून २२,३७० होतो. आणि हप्ता तेवढाच ठेवून बँकेने मुदत वाढवली तर २० वर्षांचं कर्ज २५ वर्षं ८ महिन्यांचं होतं. बँका मुकाट्याने दुसरा मार्ग धरायच्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. दर बदलल्याचा मेसेज आला की शाखेत जाऊन हप्ता वाढवून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही, तेव्हा पट्टीचे किंवा बोनसचे पैसे आले की मुद्दलात टाका.

बँकेला भाडं उत्पन्नात दाखवायचं असेल तर ती पूर्ण भाडं धरत नाही, आणि जो भाग धरते तोही नोंदणीकृत करार आणि खात्यात जमा झालेलं भाडं बघून. रोख घेतलेलं भाडं बँकेच्या लेखी नाहीच. स्वतःच्या वाट्याची रक्कम सोनेतारण, वैयक्तिक कर्ज किंवा हातउसने करून उभी करू नका. दोन कर्जांवर उभं असलेलं घर पहिल्याच रिकाम्या उन्हाळ्यात विकायला निघतं, आणि घाईच्या विक्रीला भाव मिळत नाही. घर घेतल्यावर किमान सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात हवी. उदाहरणात ती सव्वा लाख होते.

कागद: मराठवाड्यात हे जास्त बारकाईने

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि जमिनीच्या जुन्या नोंदींवर त्याची छाप अजून आहे. देवस्थान इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेलं इनाम), खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेलं इनाम), वक्फ, कूळ अशा नोंदींच्या जमिनींवर आज कॉलन्या उभ्या दिसतात. सातबारा हातात आला की मालकाच्या नावाआधी दोन ठिकाणी नजर टाका. भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२. वर्ग-२ म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. आणि 'इतर अधिकार' हा रकाना. तिथे इनाम, कूळ, पुनर्वसन, बँकेच्या किंवा गावच्या सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा यांपैकी काही लिहिलं असेल तर वकिलाने लेखी समाधान केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या मालकीसाठी आपल्याकडे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मागवतात. त्यापासून आजपर्यंतचे फेरफार एकाला एक जोडलेले असावेत. एक जरी फेरफार तुटलेला असेल तर मधल्या कुण्या बहिणीचा किंवा चुलत्याचा हिस्सा राहिलेला असतो, आणि तो दावा घर बांधून झाल्यावरच दाखल होतो.

शहरांच्या कडेला, विशेषतः संभाजीनगरात, गुंठेवारी हा वेगळा विषय. बिगरशेती न करता शेताचे तुकडे पाडून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून विकलेले हे प्लॉट. १०० रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही, म्हणजे नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं शुल्क भरून नियमित करता येतात. नियमित केल्याचं प्रमाणपत्र असेल तरच बोलणी करा. 'फाईल टाकलीय, होऊन जाईल' याला किंमत शून्य द्यायची. बँकही तेच करते.

ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर आकारणीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नाही. खोल्या विकणारे तोच पुढे करतात. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि बांधकाम परवानगी हे तीन कागद मागा. रेखांकनातला रस्ता प्रत्यक्षात टेपने मोजा. विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती रुंद दाखवलाय तेही बघा. २०२५ मध्ये संभाजीनगरात रस्ता रुंदीकरणात मुख्य रस्त्यांलगतची बरीच बांधकामं पाडली गेली, त्यात भाड्याने दिलेली दुकानंही होती.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाची मुदत, गहाण आणि दावे तपासा. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आणि एक: ताबा लांबला की भाडं बंद, हप्ता चालू. पहिल्या खेपेला तयार घरच घ्यावं.

पाणी, माती, मीटर

घर दोनदा बघा. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टच्या झडीत. मेमध्ये बोअरला पाणी आहे का आणि टँकर किती येतात ते कळतं. झडीत गच्ची, बाथरूमच्या खालचं छत आणि समोरचा रस्ता कळतो. घाई असेल तर निदान सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं बघून घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरचा खर्च भाडेकरूवर टाकता येतो, पण मग तो पुढच्या वर्षी राहत नाही.

टाकीचं माप हिशेबाने काढा. आठ खोल्यांत प्रत्येकी दोन माणसं म्हणजे सोळा. माणशी रोज ९० लिटर धरले तर १,४४० लिटर. नळ पाच दिवसांआड येत असेल तर ७,२०० लिटर साठा हवा. ८ फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट खोल हौदात आठ हजार लिटर मावतात. एवढा हौद बांधताना केला तर स्वस्तात होतो, नंतर फरशी फोडून करायला दुप्पट लागतात. खोल्या बांधणारे हमखास इथेच काटकसर करतात आणि वरती ५०० लिटरच्या दोन टाक्या बसवून मोकळे होतात.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर उथळ पायाचं घर असेल तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. नव्या रंगाखाली त्या झाकल्या जातात, म्हणून कोपऱ्यावर बोट फिरवून पुटीचा उंचवटा लागतो का बघा. दारं घासतात का तेही बघा. स्वतः बांधत असाल तर पाया मुरमापर्यंत न्या. गुत्तेदार 'इथं एवढं लागत नाही' म्हणाला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. तो खर्च एका खोलीच्या तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढा.

आठ खोल्यांना एकच वीज मीटर ठेवू नका. महावितरणचा घरगुती दर युनिटच्या टप्प्यांनी वाढतो: १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्यावर. सगळ्यांचा वापर एका मीटरवर आला की बिल वरच्या टप्प्यात जातं आणि सबमीटरच्या युनिटला किती लावायचं यावर दर महिन्याला वाद. खोलीगणिक मीटर घ्या. आणि थकबाकी माणसामागे जात नाही, जोडणीला चिकटून राहते. भाडेकरू पळाला तरी बिल तुमचंच.

करार नोंदवा, नोटरीवर भागवू नका

'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं.

खर्च तर किरकोळ आहे. भाडं १०,०००, मुदत २४ महिने, अनामत ३०,००० घ्या. एकूण भाडं २,४०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं दोन वर्षांचं व्याज ६,०००. झाले २,४६,०००. त्यावर मुद्रांक ०.२५ टक्के, म्हणजे ६१५ रुपये. नोंदणी शुल्क शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक आणि अंगठे लागतात. करताना भाडेवाढ, नोटिशीची मुदत, पाणी-वीज कुणाची, आणि किती माणसं राहणार हे स्पष्ट लिहा. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि अडवलेल्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं. चिडून नळ किंवा वीज तोडू नका, तो गुन्हा ठरतो. करारानंतर भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देऊन पोच जपून ठेवा. सोसायटीत असाल तर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

कर आणि विमा

भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा करा, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, मग कर्जाचं व्याज. आपल्या उदाहरणात १,१०,००० वजा ६,००० म्हणजे १,०४,०००, ३० टक्के गेले, उरले ७२,८००, व्याज २,०२,०००. भाड्यावर कर शून्य. राहिलेला सुमारे १,२९,००० चा तोटा जुन्या कर पद्धतीत वर्षाला २ लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो, नव्या पद्धतीत होत नाही. 'कर वाचतो म्हणून घ्या' असं सांगणाऱ्याला तुम्ही कोणत्या पद्धतीत आहात हे आधी विचारू द्या. महापालिकेचा कर भाड्याने दिलेल्या घराला स्वतः राहत्या घरापेक्षा जास्त बसू शकतो, हेही खर्चात धरा.

विमा फक्त बांधकामाच्या खर्चाएवढा घ्यायचा, जमिनीची किंमत त्यात नको. भारत गृह रक्षा ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे, तिच्यात भूकंपही येतो. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ठाऊक असलेल्या जिल्ह्यांत हप्त्याचे दोन हजार कुणाला जड वाटू नयेत.

भाडेकरू सोडून जातो त्या दिवशी

अनामतीवरून निम्मी भांडणं होतात, कारण घर देताना कशाची नोंदच केलेली नसते. किल्ली देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि पंखे, नळ, दरवाजे, गिझर यांची यादी दोघांनी सही करून ठेवा. मीटर रीडिंगचा फोटो तारखेसह घ्या. सोडताना तीच यादी घेऊन घरभर फिरा. त्या दिवसापर्यंतचं वीजबिल रीडिंगवरून काढा, पाण्याची आणि मेंटेनन्सची बाकी बघा. मोडलेल्या वस्तूचं बिल दाखवून तेवढंच कापा. जुना झालेला रंग भाडेकरूच्या माथी मारू नका. बाकी रक्कम त्याच दिवशी खात्यावर पाठवा आणि पोच म्हणून मेसेज मागून घ्या. किल्ल्या मोजून घ्या, कुलूप मात्र नव्या भाडेकरूआधी बदला.